बोटाचा ऑक्सिमीटर, नऊ महिने वापरल्यानंतर

डब्यावर छापलंय, रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का ९५ ते १०० म्हणजे नॉर्मल. मी पहिल्यांदा बोटाला लावला तेव्हा ८४ आले आणि यंत्र केकाटायला लागलं. घरातले धावत आले. मी निवांत वाचत बसले होते.

मला जन्मापासून टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो आहे. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, त्यामुळे बरंचसं अशुद्ध रक्त फुप्फुसांना वळसा घालून अंगभर फिरतं. हल्ली बहुतेकांची पूर्ण दुरुस्ती लहानपणीच होते. माझ्या फुप्फुसाच्या धमन्या फार बारीक होत्या, म्हणून डाव्या हाताकडे जाणारी धमनी तिकडे वळवून शंट (फुप्फुसांकडे रक्त नेणारी जोडवाट) केला आणि डॉक्टर तिथेच थांबले. ८४ हा माझा रोजचा आकडा आहे.

आता यंत्राबद्दल. डाव्या हातावर ते चालतच नाही. नाडीच इतकी क्षीण की कधी ७२ दाखवतं, कधी नुसत्या रेघा. पहिले चार दिवस मी यंत्राला नावं ठेवली, मग ट्यूब पेटली. आत लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि नाडीच्या ठोक्यागणिक ते किती शोषले जातात यावरून हिशोब होतो. ठोकाच नसेल तर हिशोब कसला? जुना शंट असेल तर दुसरा हात वापरा.

नेलपॉलिशचंही तसंच. नखांचा निळेपणा लपवायला मी वर्षानुवर्षं गडद रंग लावत आलेय, आता उजवी अनामिका मोकळी ठेवते. माझ्या बोटांची टोकं फुगीर आहेत, तर्जनीवर चिमटा तिरका बसतो, अनामिकेवर बरा बसतो. हात गार असतील तर आधी चोळून घ्यावे लागतात.

अचूकतेबाबत फार अपेक्षा नको. ही यंत्रं निरोगी माणसांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन जुळवलेली असतात आणि ७० च्या खाली कुणाला तसं नेत नाहीत, त्यामुळे तिथले आकडे अंदाजाचे. ऐंशीच्या घरातही फरक पडतो. तपासणीला गेले तेव्हा यंत्र ८५ म्हणालं, धमनीतल्या रक्ताच्या चाचणीत ८१ निघाले. तेव्हापासून मी एकट्या आकड्याकडे बघत नाही. तीच वेळ, तेच बोट, पाच मिनिटं बसून, असं वहीत लिहिते आणि नेहमीपेक्षा किती हललं तेवढं बघते.

सगळ्यात मजा जिन्यावर आली. दोन मजले चढले की ७१. मग उकिडवी बसले, दोन मिनिटांत ७९! लहानपणी खेळताना मी मध्येच अशी बसायचे, सगळे हसायचे. पायाच्या धमन्या दाबल्या गेल्या की अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला होणारा विरोध वाढतो आणि जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं, हे नंतर कळलं. शरीराला आधीच ठाऊक होतं.

'मग ऑक्सिजन का लावत नाहीस?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. जे रक्त फुप्फुसात जातच नाही, त्याला नळीतला ऑक्सिजन मिळणार कुठून? थोडा फरक पडतो, फार नाही.

पाचव्या महिन्यात मात्र यंत्राने मला फसवलं, म्हणजे खरं तर मीच फसले. आकडा ८४ च, पण धाप वाढली, डोकं जड. वहीत सगळं ठीक दिसत होतं म्हणून मी पंधरा दिवस दवाखाना टाळला. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १४.५, रिपोर्टवर 'नॉर्मल'. डॉक्टर म्हणाले, तुमच्यासाठी हे कमी आहे. कमी ऑक्सिजन भरून काढायला माझं शरीर जास्त तांबड्या पेशी बनवतं, माझं एरवी १९ असतं. लोह संपलं होतं. यंत्र टक्का सांगतं, म्हणजे असलेल्या हिमोग्लोबिनपैकी किती ऑक्सिजनने भरलंय. मुळात आहे किती, हे त्याला दिसत नाही. लोह सुरू केल्यावर दोन महिन्यांत जिना पुन्हा जमू लागला. आकडा तेव्हाही ८४ च.

घेणार असाल तर नाडीचा तरंग दाखवणारं घ्या. तरंग डळमळत असेल तर आकडा लिहूच नका. गजराची मर्यादा बदलता येते का तेही बघा. माझ्यात येते, मी ७५ वर ठेवलीय (तुमची डॉक्टरांना विचारून ठरवा). पण सेल बदलले की ती परत ९० वर जाते, आणि घरातले परत धावत येतात.