माथेरान लोकलने की लोणावळा गाडीने?

शनिवार-रविवार जरा मोकळं व्हायला मुंबईबाहेर पडायचं म्हटलं की हे दोन पर्याय हमखास निघतात.

लोणावळ्याला गाडी दारापासून दारापर्यंत जाते. सोबत तान्हं बाळ किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तर तीच बरी. पण शनिवारी उजाडल्यावर निघालात तर खंडाळ्याच्या घाटात अडकणं आलंच. पहिल्या गिअरमध्ये इंच इंच सरकताना क्लच तापतो, चालवणारा पोहोचण्याआधीच दमतो आणि धूर घाटाखालच्या गावांच्या वाट्याला येतो. जायचंच तर पहाटे पाचच्या आत निघा.

माथेरानसाठी कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ गाठा, सीएसएमटीहून साधारण दोन तास. पुढे शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथून पर्यटकांच्या गाड्यांना बंदी! अमन लॉज स्टेशनहून माथेरान गावापर्यंत मिनी ट्रेनची शटल मिळते, पण अडीच-तीन किलोमीटरची ती वाट चालूनच जावी. सुमारे ८०० मीटर उंचीवरची हवा, डोक्यावर जांभळाची सावली, हॉर्न नाही. पंधराव्या मिनिटाला खांदे सैल पडतात आणि रात्री झोप गाढ लागते. गाड्या नसल्यामुळेच हे मिळतं.

चाकांची बॅग मात्र नको, लाल मातीत चाकं रुततात. पाठीवर पाच-सहा किलोची सॅक पुरे. खाऊ आतच ठेवा, हातात पिशवी दिसली की माकडं झडप घालतात. रिकाम्या बाटल्या परत खाली आणा. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी मिनी ट्रेन बंद असते, तिच्या भरवशावर राहू नका.