छुपा लॉक लायब्ररीत असेल तर: अ‍ॅलोकेटर बदलायचा की कोड?

थ्रेड (प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे प्रवाह) आठ केले आणि प्रोग्रॅम एका थ्रेडपेक्षाही मंदावला, की आपण आपल्याच कोडमधले म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पुढे सोडणारे लॉक, तपासायला घेतो. बरेचदा तिथे काहीच सापडत नाही. लॉक सी लायब्ररीच्या आत असतो, रँड(), पुटसी(), मॅलॉक() अशा रोजच्या फंक्शनमध्ये. फ्युटेक्सपर्यंत (लॉकसाठी थांबायला लिनक्सला केलेली विनंती) कोणता कॉल पोचतोय ते आधी पर्फ या मोजमापाच्या साधनाने बघा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँड()चं उत्तर सोपं आहे. जीलिबसीत (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) त्याची स्थिती अख्ख्या प्रोसेसला एकच, आणि दर कॉलला तिच्यावर लॉक. रँड_आर()ला स्थिती आपण देतो म्हणून लॉक जातो, पण आकड्यांचा दर्जा बेताचा. सी++ असेल तर एमटी१९९३७ हा आकडे देणारा जनरेटर थ्रेड_लोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडला वेगळा, घ्या.

मात्र नावात ‘_आर’ आहे म्हणून लॉक नसेलच असं धरून चालू नका. वेळ स्थानिक तारीख-वेळेत बदलणारं लोकलटाइम_आर() उत्तर तुमच्या बफरमध्ये देतं, तरी जीलिबसीत टाइमझोनच्या सामायिक माहितीसाठी लॉक घेतंच. लॉगच्या प्रत्येक ओळीला ते बोलावण्यापेक्षा सेकंदाला एकदा रूपांतर करून थ्रेडपाशी जपून ठेवणं कितीतरी स्वस्त.

फाइलींचं थोडं वेगळं. पॉझिक्स या मानकानुसार प्रत्येक स्ट्रीमला (उघडलेल्या फाइलीला) स्वतःचा लॉक असतो. फाइल एकाच थ्रेडची असेल तर पुटसी_अनलॉक्ड() बिनधास्त वापरा. सामायिक असेल तर त्याने बफरच बिघडेल. तिथे पूर्ण ओळ आपल्या बफरमध्ये जुळवून एकाच एफराइट()ने लिहावी.

खरी निवड मॅलॉक()ची, म्हणजे मेमरी वाटून देणाऱ्या अ‍ॅलोकेटरची. जीलिबसी ६४ बिटवर कोरच्या आठपट अरीना (स्वतःचा लॉक असलेले मेमरीचे साठे) करू शकते, आणि २०१७ च्या २.२६ आवृत्तीपासून लहान ब्लॉकसाठी थ्रेडनिहाय कॅशही आहे. तो लॉकशिवाय चालतो, पण बऱ्याच आवृत्त्यांत मुळात प्रत्येक आकाराचे सातच ब्लॉक ठेवतो. एका थ्रेडने घेतलेली मेमरी दुसरा सोडत असेल तर हा कॅश लगेच भरतो, आणि त्यात न बसणाऱ्या ब्लॉकसाठी पुढचे फ्री() परक्या अरीनाच्या लॉकवर येऊ शकतात. अशा कामाला मला मायमॅलॉक हा पर्यायी अ‍ॅलोकेटर पटतो: परक्या थ्रेडने सोडलेले ब्लॉक तो लॉकऐवजी अ‍ॅटॉमिक (लॉकशिवायही सुरक्षितपणे बदलता येणाऱ्या) यादीत टाकतो. जेमॅलॉक आणि टीसीमॅलॉकही चांगले. त्यांचे कॅश मोठे, मात्र त्यापायी मेमरी जास्त लागू शकते. डायनॅमिक लिंक असेल तर एलडी_प्रीलोडने (प्रोग्रॅम सुरू होताना आपली लायब्ररी आधी लोड करणारं सेटिंग) तिन्ही रीकंपाइल न करता लावून मोजता येतात, म्हणून हा प्रयोग आधी करा. पण लूपच्या प्रत्येक फेरीत मॅलॉक-फ्री होत असेल तर बफर पुन्हा वापरण्याइतका फायदा कुठलाच अ‍ॅलोकेटर देणार नाही.

दोन गोष्टी मोजण्याआधीच पाहून घ्या. मेमरी वाचवायला कुणी मॅलॉक_अरीना_मॅक्स हे अरीनांची मर्यादा ठरवणारं सेटिंग १ किंवा २ केलं असेल, तर गर्दी तिथूनच सुरू झालेली असू शकते. आणि कंटेनर अल्पाइन या छोट्या लिनक्सचा असेल तर आत जीलिबसी नाही, मसल ही दुसरी सी लायब्ररी आहे. त्याच्या मॅलॉक()ला सगळ्या थ्रेडसाठी एकच लॉक आहे. तिथे अडचण मॅलॉक()चीच असेल तर अ‍ॅलोकेटर बदला किंवा बफर पुन्हा वापरा.