ढेकूण चावला की डास?

सकाळी हातावर लाल गांधी दिसली की आपण डासाला दोष देऊन मोकळे होतो. पण डासाची गांधी काही मिनिटांतच उठते, एखाद-दुसरी, इकडेतिकडे. ढेकणाच्या चाव्यांची बहुधा रांग किंवा पुंजका असतो. तोही कधी लगेच, कधी चार-पाच दिवसांनी उठतो, म्हणून गफलत होते. काहींच्या अंगावर तर काहीच उठत नाही. त्यामुळे नुसत्या त्वचेवर विसंबू नका, गादी उलटा. शिवणीत शाईच्या टिपक्यांसारखे काळे डाग, फिकट कात किंवा सुमारे ५ मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा दिसला, की शंकाच नको.

उपचार दोन्हींना जवळपास सारखेच: साबणाने धुवा, थंड घडी ठेवा, कॅलामाइन लावा. खाज असह्य झाली तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. नखं मात्र आवरा, कारण खाजवून जखम चिघळते. पू झाला किंवा चेहरा सुजला तर डॉक्टरांकडे जा. श्वास अडकत असेल तर क्षणही दवडू नका.

डासामुळे डेंग्यू, मलेरिया होऊ शकतो, म्हणून नंतर ताप आल्यास तपासणी हवीच. ढेकणांमुळे माणसाला रोग होतो असं आढळलेलं नाही, पण ते मच्छरदाणीने हटत नाहीत. चादरी ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवाव्याच लागतात.