मेडिकलच्या काउंटरमागचे दोघे: फार्मासिस्ट आणि मदतनीस

अमेरिकेत फार्मसी टेक्निशियन हा वेगळा पेशा आहे. गोळ्या मोजणं, लेबल लावणं, विम्याच्या भानगडी निस्तरणं हे त्याचं काम. औषधाबद्दल सल्ला मात्र फार्मासिस्टच देतो.

आपल्या मेडिकलमध्ये ही जागा काउंटरवरच्या मदतनीस पोराची. त्याला पदवी लागत नाही. दोनशे खोक्यांतून हवी ती स्ट्रिप डोळे मिटून काढणं, माल लावणं, एक्स्पायरी जवळ आलेलं वेगळं काढणं, बिल करणं यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पण १९४८ च्या फार्मसी कायद्यातलं कलम ४२ स्पष्ट आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं. त्यासाठी किमान डी.फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा हवा.

फरक कळतो तो चिठ्ठी वाचताना. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असलेल्या आजोबांना गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन लिहून आलं, तर मदतनीस दोन्ही स्ट्रिपा पिशवीत टाकेल. फार्मासिस्ट थांबेल, डॉक्टरांना फोन लावेल, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे कडक नियम असलेल्या सरकारी यादीतलं औषध असेल तर डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं, याची नोंद वेगळ्या रजिस्टरात करून ती तीन वर्षं जपावी लागते.

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात काही दुकानांत भिंतीवर फक्त सर्टिफिकेट असतं, माणूस भलतीकडेच! अशा ठिकाणी मी खोकल्याच्या गोळीपलीकडे काही घेत नाही.