कागदी फर्मे: घडी, गुंडाळी की खिळा?

घरी ब्लाउज-कुर्ते शिवणाऱ्या बाईकडे बघता बघता फर्म्यांचा, म्हणजे कापड कापायच्या कागदी नमुन्यांचा, ढीग साचतो. बडोद्यात ते टिकवायचे तर दोन शत्रू: पावसाळी ओल आणि कसर, म्हणजे कागद खाणारी कीड. ठेवायची पद्धत ठरवताना हे दोन्ही डोळ्यांसमोर हवेत.

घडी करून पाकिटात ठेवलं की जागा कमी लागते. पाकिटावर नाव, छाती, कंबर आणि तारीख लिहिली की शोधाशोध नको. कटोरी (ब्लाउजचा छातीवरचा गोल भाग), पट्टी, कॉलर असे छोटे तुकडे घडीशिवायच मावतात, त्यांना पाकीटच उत्तम. मोठ्या भागांचं मात्र तसं नाही. खाकी कागद घडीवरच आधी फाटतो. घडी मुंढ्याच्या (बाही जोडायच्या जागेच्या) गोलाईवर आली तर तिथली रेघ थोडी सरकते आणि बाही बसवताना कापड कुठे जास्त झालं ते कळत नाही. घडी घालायचीच असेल तर सरळ रेषेवर घाला, गोलाईवर कधीच नको.

अनारकलीच्या कळ्या (घेराचे लांब तिरके तुकडे) आणि लांब कुर्त्यांसाठी गुंडाळी बरी. कापडाच्या दुकानात ताग्यातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या तर बहुधा मिळतात. रबर लावू नका, उन्हाळ्यात ते वितळून कागदाला चिकटतं. सुती नाडी बांधा. अडचण एकच, उघडल्यावर कागद परत गुंडाळतो, म्हणून चारही कोपऱ्यांवर वजन लागतं.

माझं मत खिळ्याच्या बाजूनं आहे, पण फक्त रोजच्या मूळ फर्म्यांसाठी. जाड पुठ्ठ्यावर उतरवून, वर भोक पाडून, दोरीनं कपाटाच्या आत खिळ्याला टांगा. घडी पडत नाही, हवा खेळती राहते, कसरीला दडायला जागा कमी मिळते. उघड्या भिंतीवर टांगलेत तर उजेडानं कागद पिवळा पडतो, आणि भिंत ओल धरणारी असेल तर कागद गेलाच.

लॅमिनेशन मी कुणालाच सुचवणार नाही. टाचणी लागत नाही, पेन्सिलीनं माप बदलता येत नाही, आणि एकदा केलं की मागे फिरता येत नाही. फाटलेल्या जागी साधी चिकटपट्टीही नको, काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. पातळ कागदाची पट्टी खळीनं लावाल तर तीही कसरीला आवडते, म्हणून मागून बुकरमचा (कॉलरमध्ये घालतात त्या ताठ कापडाचा) तुकडा चिकटवा.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कितीतरी घरांत शिरलं. तळमजल्यावर राहत असाल तर पाकिटं वरच्या फळीवर हवीतच, शिवाय प्रत्येक फर्म्याचा फोटो काढून ठेवा. फर्म्याशेजारी स्टीलची पट्टी ठेवून, मोबाइल अगदी वरून सरळ धरून. तिरका फोटो माप फसवतो, म्हणून मुख्य मापं फर्म्यावरच ठळक लिहा.

वर्तमानपत्रावर कापलेले जुने फर्मे असतील तर ते आधी खाकी कागदावर उतरवून घ्या. वर्तमानपत्राचा कागद लवकर कुरकुरीत होतो, मग त्याला ना पाकीट वाचवू शकत, ना नळी.