मिशांचा अंदाज अचूक, वजनाचा अर्धवट: जॅक रसेल पिल्लाच्या डीएनए चाचणीचा १४ महिन्यांचा अनुभव

चिंगीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना राठ, पांढरे केस पहिल्यांदा दिसले तेव्हा ती साडेपाच महिन्यांची होती, आणि ते येणार हे आम्हाला पाच आठवडे आधीच कागदावर लिहून मिळाले होते. आम्ही इंग्लंडमधल्या एक्सेटरला राहतो. उत्तर डेव्हनमधल्या एका घरून ८ आठवड्यांची असताना तिला आणली, तेव्हा ती गुळगुळीत केसांचीच राहील असे ब्रीडरने ठामपणे सांगितले होते. आई आमच्यासमोर होती आणि ती गुळगुळीतच होती. वडील म्हणून मोबाइलवर दाखवलेला कुत्राही तसाच होता. वाढलेल्या कुत्रीचे केस, उंची आणि वजन यांचा अंदाज यावा, म्हणून आम्ही लाळेवरून करायची डीएनए चाचणी मागवली. त्या चाचणीबद्दल इतक्या महिन्यांनी लिहायला बसले, त्याला गेल्या मंगळवारी आलेला एक निकाल कारणीभूत आहे.

आधी पैशांचे सांगते, कारण सुरुवातीचा माझा सगळा राग त्याच्याशी निगडित होता. किटचे १०९ पौंड भरले. चार आठवड्यांनी पत्र आले की नमुन्यात पुरेसा डीएनए मिळाला नाही, दुसरे किट पाठवू, पण टपालखर्च तुम्ही द्यावा. रक्कम मोठी नव्हती. परंतु चूक कोणाची हे न ठरवता ग्राहकाकडे पैसे मागण्याची पद्धत मला मान्य नव्हती. पाच ईमेल झाल्यावर दुसरे किट फुकट आले. चूक काही अंशी आमचीही होती, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. खाणे आणि नमुना यांत अर्धा तास जावा अशी सूचना होती, ती आम्ही घड्याळ लावून पाळली. पण त्या अर्ध्या तासात चिंगी चघळायची दोरी तोंडात धरून बसली होती. शिवाय काडी गालाच्या आत फिरवायची असताना तिने ती दाढांत पकडली आणि आम्ही घाईने बाहेर काढली. दुसऱ्या वेळी ती खेळून दमून झोपली असताना नवऱ्याने तिचा ओठ हलकेच उचलला आणि मी गालाच्या आतल्या बाजूवर काडी पूर्ण एक मिनिट फिरवली. तो नमुना पहिल्याच फेरीत चालला. पिल्लाचा नमुना घेणाऱ्याने झोपेची वेळ साधावी, एवढी सूचना जरी त्या कंपनीने छापली तरी अनेकांचे महिने वाचतील.

आता मिशांचे. मिशा म्हणजे प्रत्येक कुत्र्याच्या तोंडावर असतात ते मोजके लांब केस नव्हेत. जाड भुवया, मिशा आणि हनुवटीवरची दाढी यांचा जो संच राठ केसांच्या टेरिअरला असतो, त्याबद्दल मी बोलते आहे. हा संच मुख्यतः आरएसपीओ२ या जनुकातल्या एका बदलावर ठरतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले की आरएसपीओ२, एफजीएफ५ आणि केआरटी७१ या तीनच जनुकांवरून शुद्ध जातींच्या केसांतली बहुतेक विविधता उलगडते: पहिल्यावर मिशा-भुवया, दुसऱ्यावर लांबी, तिसऱ्यावर कुरळेपणा. मिशांचा बदल प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडून त्याची एक प्रत मिळाली तरी पुरते. चिंगीच्या अहवालात आरएसपीओ२मधल्या या बदलाची एक प्रत नोंदवलेली होती.

ती ओळ वाचल्यावर अहवाल बाजूला ठेवून मी बराच वेळ विचार करत बसले. बदल प्रभावी असेल, तर गुळगुळीत तोंडाच्या आईकडे त्याची एकही प्रत असू शकत नाही. म्हणजे चिंगीची प्रत वडिलांकडून आली, आणि वडिलांच्या तोंडावर मिशा असल्याच पाहिजेत. मग फोटोतला कुत्रा तिचा बाप नव्हता. मी ब्रीडरला फोन केला. त्यांनी आधी चाचणीलाच दोष दिला, पण मिशा स्पष्ट दिसू लागल्यावर मी फोटो पाठवला, तेव्हा मान्य केले की माजाच्या दिवसांत कुत्री शेजारच्या शेतावर गेली होती आणि तिथे राठ केसांचा एक नर आहे. माझे गाऱ्हाणे मिशांबद्दल अजिबात नाही. डेव्हनमध्येच रेव्हरंड जॉन रसेल यांनी ज्या कुत्रीपासून हा वंश वाढवला, ती १८१९ मध्ये एका दूधवाल्याकडून घेतलेली ‘ट्रम्प’ दाट आणि किंचित राठ केसांचीच होती. गाऱ्हाणे इतकेच की पिल्लाचा बाप कोण हे विकत घेणाऱ्याला खरे कळले पाहिजे. इंग्लंडमध्ये २०२० पासून पिल्लाच्या व्यापारातून मध्यस्थ वगळले आहेत, ते थेट ब्रीडरकडून किंवा प्राण्यांच्या आश्रयगृहातून घ्यावे लागते आणि आई दाखवावीच लागते. वडिलांबाबत मात्र आपण सांगीवांगीवरच विसंबून असतो.

केसांबद्दल आणखी एक व्यवहाराची गोष्ट. राठ केसांच्या कुत्र्याचे मेलेले केस हाताने उपटून काढावे लागतात. यंत्राने कापले तर नवे केस मऊ येतात आणि पाऊस-चिखल अंगाला लवकर धरतात. हे आधी कळल्यामुळे मी दुकानात पैसे न घालता स्वतः शिकले. अंगठा आणि तर्जनीत चार-सहा केस धरून वाढीच्या दिशेने ओढायचे. केस तयार असेल तर तो सहज सुटतो आणि कुत्र्याला दुखत नाही. किटचे पैसे बहुधा इथेच वसूल झाले.

रंगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पांढऱ्यावर तपकिरी असे सांगितले होते आणि तसेच झाले. पायांवर नंतर उमटलेल्या बारीक ठिपक्यांचा मात्र अहवालात उल्लेख नव्हता.

वजनाचा आकडा ५.४ किलो असा होता, आणि त्यावर मी जवळपास वर्षभर नाराज होते. सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेले ठेवून चिंगीला दर रविवारी तोलत असे. ती पातेल्यात मावेनाशी झाल्यावर तिला उचलून मोठ्या काट्यावर उभी राहायचे आणि माझे वजन वजा करायचे. १६ आठवड्यांना ती २.९ किलो होती. लहान जातीची पिल्ले साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास प्रौढ वजनाच्या निम्म्यावर येतात, त्या हिशेबाने ५.८ किलो व्हायला हवी होती. तेराव्या महिन्यात ती ६.६ किलो भरली, आणि मी कंपनीला लांब तक्रार लिहायला घेतली.

ती तक्रार मी पाठवली नाही, कारण त्याच आठवड्यात व्हेटने चिंगीच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि शांतपणे सांगितले की तिच्या अंगावर चरबी आहे. तेव्हा तिची उंची मोजली, ती २९ सेंटिमीटर. जॅक रसेलच्या ब्रिटिश मानकात २५ ते ३० सेंटिमीटर उंची आदर्श धरली आहे आणि दर ५ सेंटिमीटरला १ किलो असा वजनाचा हिशेब दिला आहे. म्हणजे तिला ५.८ किलो शोभते. उरलेले वजन आम्ही तिला दिवसभर जे चीजचे तुकडे आणि पोळीचे घास भरवत होतो त्यांचे होते. जनुके हाडापेराचा घाट ठरवतात, ताटातले मोजत नाहीत. घास बंद केल्यावर आज ती ५.९ वर आहे. तरीही माझा एक आक्षेप कायम आहे: ५.४ असा एकच नेमका आकडा देणे चुकीचे आहे. कुत्र्यांच्या आकारावर आयजीएफ१ जनुकाचा मोठा प्रभाव असला तरी इतर अनेक जनुके त्यात हात घालतात, तेव्हा ‘पाच ते सहा किलो’ असे लिहिणे अधिक खरे ठरले असते. आखूड पायांचा अंदाज बरोबर आला. पायांचा आखूडपणा एफजीएफ४ जनुकाच्या एका जादा प्रतीवर अवलंबून असतो, आणि तिच्याकडे ती आहे.

अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ होती, आणि मिशांच्या नादात मी ती दोन महिने नीट वाचली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते. एडीएएमटीएस१७ या जनुकातल्या बदलाची एक प्रत चिंगीकडे आहे. हा बदल टेरिअर जातींत बराच आढळतो. त्याच्या दोन प्रती असलेल्या कुत्र्याच्या डोळ्यातले भिंग धरून ठेवणारे तंतू ऐन वयात, बहुतेकदा तीन ते आठ वर्षांच्या दरम्यान, तुटतात. भिंग जागेवरून सरकते, डोळ्यातला दाब वाढतो, असह्य दुखते आणि दृष्टी जाऊ शकते. एका प्रतीने धोका अगदी कमी असतो, म्हणून चिंगीचे डोळे आम्ही वर्षातून एकदा तपासून घेणार आहोत. पण तिची चार भावंडे चार घरांत आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे एकेक प्रत बाळगणारे, असते, तर त्यांतल्या कोणाकडेही दोन प्रती असू शकल्या असत्या. ही ओळ पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत हवी होती. या एका कारणासाठी मी या किटला पूर्ण गुण देणार नाही.

ब्रीडरशी मिशांवरून झालेले बोलणे कडवट होते, तरी मी त्यांना पुन्हा फोन केला आणि अहवालाचे ते पान पाठवले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने आईची याच एका जनुकाची चाचणी करून घेतली, हे मी आवर्जून लिहिते. मंगळवारी निकाल आला: आईकडे या बदलाची एकही प्रत नाही. म्हणजे चिंगीला मिशा देणाऱ्या नराकडूनच हाही बदल आला, आणि त्या पाच पिल्लांपैकी कोणाकडेही दोन प्रती असणे शक्य नाही. चारही घरांना ब्रीडरने त्याच संध्याकाळी कळवले. शेतावरचा तो नर सात वर्षांचा आहे. त्याच्याकडे एक प्रत नक्की आहे, दोन आहेत का हे तपासलेले नाही. त्याच्या मालकाने या महिन्यात त्याचे डोळे दाखवायची वेळ घेतली आहे.