फ्लुओरेसिन सोडियम पावडर: चमक कमी वाटली तर आधी पीएच बघा

कॉलेजची प्रात्यक्षिकं आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीच्या ठिबकमधली गळती शोधणं, या दोन्ही कामांना ही पावडर, म्हणजे पाण्यात हिरवट चमकणारा रंग, काही महिने सतत वापरात आहे. माल उत्तम आहे. 'चमकत नाही' ही तक्रार मात्र वारंवार ऐकू येते आणि तिचं कारण बहुतेकदा पाण्याच्या आम्लतेत असतं.

या रेणूचं दोन ऋण प्रभारांचं रूप खरं चमकतं: शोषलेल्या 100 फोटॉनांपैकी (प्रकाशकणांपैकी) 90 हून जास्त प्रकाश होऊन परत येतात. आम्ल पाण्यात त्याला एक प्रोटॉन (हायड्रोजनचा धन कण) चिकटला की हा आकडा 40 च्या खाली जातो, शिवाय 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाशही कमी शोषला जातो. पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं पाणी आंबट) 6.4 च्या आसपास दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. 8 च्या वर चमक स्थिरावते, 4 च्या खाली जवळपास विझते.

100 मिलिग्रॅम पावडर 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. त्यातलं 1 मिली एक लिटरला पुरतं. जास्त घातलं तर प्रकाश वरच्याच थरात शोषला जातो आणि आतलं पाणी मंद दिसतं. बघायला निळा एलईडी टॉर्च घ्या, यूव्ही टॉर्चपेक्षा तो कितीतरी सरस.

आरओचं पाणी सर्वांत फसवं. त्यात क्षार नगण्य, हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळला तरी पीएच 6 च्या आसपास येतो. व्हिनेगरच्या दोन थेंबांनी चमक जाते. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तेच दोन थेंब बायकार्बोनेट गिळून टाकतं आणि काही फरक दिसत नाही. म्हणून दोन ठिकाणच्या पाण्याची तुलना करायची तर दोन्ही नमुन्यांत टाकणखाराचं द्रावण (लिटरला 3.8 ग्रॅम, पीएच सुमारे 9.2) नमुन्याइतकंच मिसळा आणि मगच चमक मोजा. आकडा निम्मा येईल, तेवढं हिशेबात धरा. नमुना फारच आंबट असेल तर मिसळल्यावर पीएच पट्टी लावून 8 च्या वर आहे ना, ते बघा.

ठिबकला आम्ल दिल्यावर लॅटरलमध्ये (ओळीतल्या बारीक नळीत) आंबट पाणी उरतं. तेव्हा रंग सोडला तर शेवटच्या टोकाला तो दिसत नाही आणि नळी चोंदल्यासारखी वाटते. एंडकॅप (नळीच्या टोकाचं बूच) उघडून पीएच पट्टीवर 7 च्या वर येईपर्यंत लाइन धुवा.

मंद नमुन्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाका. चमक परतली तर दोष आम्लाचा. नाही परतली तर ब्लीचिंग पावडरचा क्लोरीन किंवा ऊन लागलं असणार, आणि ते नुकसान भरून निघत नाही. द्रावण तपकिरी बाटलीत, सावलीत ठेवा. वैशाखातल्या खानदेशी उन्हात उघडं राहिलेलं काही तासांतच फिकटतं.